सांधे वाचवू की फुप्फुसं?

वाचकाचं पत्र, थोडक्यात: सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातून एका ताईंनी लिहिलं आहे. वय ४७, अंगणवाडी सेविका. सात वर्षांपासून रुमॅटॉइड संधिवात. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट (प्रतिकारशक्तीला आवर घालून संधिवात आटोक्यात ठेवणारी गोळी), सोबत फॉलिक ॲसिड आणि एचसीक्यू (हायड्रॉक्सीक्लोरोक्विन) अशी औषधं चालू होती आणि दुखणं बरंचसं आटोक्यात होतं. गेल्या श्रावणात त्यांना न्यूमोनिया झाला आणि मिरजेत आठवडाभर दवाखान्यात राहावं लागलं. डिस्चार्ज कार्डावर 'मेथोट्रेक्सेट सध्या बंद' असं लिहिलं होतं. याच गोळीनं प्रतिकारशक्ती मारली आणि छाती धरली, असं घरच्यांनी ठरवलं आणि ती गोळी कायमची सुटली. दिवाळीपासून बोटं, मनगटं पुन्हा सुजायला लागली. मग घरात उरलेली वायसोलोन ही स्टिरॉइडची गोळी सुरू झाली, १० मिलिग्रॅमची एक, फारच दुखलं तर दोन. शिवाय सकाळी गुळवेलीचा काढा आणि नात्यातल्या कुणी आणून दिलेली 'वाताची पुडी'. डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट पुन्हा सुरू करू, तेवढ्यानं भागलं नाही तर बायोलॉजिकल इंजेक्शनचा (सूज आणणारा एखादा नेमका घटक अडवणाऱ्या औषधाचा) विचार करू, पण आधी टीबीची तपासणी करून घ्या, असं सांगितलं. ती तपासणी ताईंनी केलेली नाही. त्यांच्या दिरांना तीन वर्षांपूर्वी फुप्फुसाचा टीबी झाला होता, सगळे एकाच घरात राहतात. उपचार पूर्ण झाले, पण ही गोष्ट घराबाहेर काढायची नाही असं ठरलेलं आहे, त्यातून आता मुलीसाठी स्थळं बघणं चालू आहे. डॉक्टरांनाही हे ठाऊक नाही. ताई विचारतात: 'औषध घेतलं तर फुप्फुसं जाणार, नाही घेतलं तर सांधे. मी कोणतं वाचवू?'

ताई,

आधी एक तातडीची गोष्ट, बाकीचं नंतर. हे उत्तर वाचून वायसोलोन एकदम बंद करू नका. तीन-चार आठवड्यांपेक्षा जास्त काळ रोज स्टिरॉइड घेतलं की मूत्रपिंडावरच्या ग्रंथी शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनवणं कमी करतात. अशात गोळी अचानक थांबवली आणि नेमका त्याच वेळी ताप, जुलाब किंवा संसर्ग झाला, तर रक्तदाब कोसळून जिवावर बेतू शकतं. तुम्ही ती दिवाळीपासून घेताय. ती कमी करायचीच आहे, पण डॉक्टर सांगतील तशी, टप्प्याटप्प्यानं.

आता तुमचा प्रश्न. सांधे की फुप्फुसं, यातलं एकच वाचणार असं तुम्ही धरून चालला आहात. घरच्यांचंही तेच म्हणणं आहे, आणि ते अगदीच निराधार नाही. प्रतिकारशक्तीला आवर घालणाऱ्या औषधांनी संसर्गाचा धोका वाढतो, हे खरं आहे. पण यात दोन गोष्टी नजरेआड झाल्या. आजार स्वतःच तो धोका वाढवतो, ही एक. आणि सगळ्या औषधांचा धोका सारखा नसतो, ही दुसरी. फुप्फुसं जपायची म्हणून तुम्ही जे सोडलंत त्याचा धोका कमी होता, आणि जे धरलंत त्याचा जास्त आहे. हा दोष तुमचा नाही. दवाखान्यातून निघताना पाच मिनिटं बसून कुणी समजावलं असतं तर ही वेळ आली नसती.

आजारापासून सुरुवात करू. रुमॅटॉइड संधिवातात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या अस्तरावर चालून जाते. त्यामुळे पुष्कळांना वाटतं की माझी प्रतिकारशक्ती मुळात जास्त आहे, औषध सोडलं तर ती जंतूंशी चांगली लढेल. तसं घडत नाही. ही यंत्रणा भरकटलेली असते. जिथे लढू नये तिथे लढते आणि जिथे लढायला हवं तिथे कमी पडते. या आजाराच्या रुग्णांना दवाखान्यात दाखल व्हावं लागेल असा संसर्ग होण्याचं प्रमाण इतरांच्या जवळजवळ दुप्पट असतं. त्यातला काही वाटा औषधांचा, काही आजाराचा. आजार जितका भडकलेला, तितका धोका चढा.

आणि त्यात फुप्फुसांची पाळी आधी येते. माणूस दिवसाला दहा हजार लिटरच्या आसपास हवा आत घेतो, बाहेरच्या जगाशी इतका संबंध दुसऱ्या कुठल्या आतल्या अवयवाचा येत नाही. त्यातून हा आजार फुप्फुसांतही शिरू शकतो. साधारण दहांतल्या एका रुग्णाच्या फुप्फुसाचं लवचीक जाळं हळूहळू कडक होत जातं, त्याला डॉक्टर आयएलडी म्हणतात. काहींच्या श्वासनलिका रुंदावतात आणि त्यात कफ साचून राहतो. अशा छातीत जंतूंना मुक्काम करणं सोपं जातं. ल्युपस, स्क्लेरोडर्मा, मायोसायटिस, व्हॅस्क्युलायटिस यांतही संरक्षण यंत्रणा अशीच स्वतःच्या शरीरावर उलटते, तेव्हा त्यांपैकी काही असलेल्या वाचकांनीही हे स्वतःला लावून बघावं. प्रत्येक आजाराची फुप्फुसांशी वागण्याची तऱ्हा वेगळी आहे, पण औषध सोडलं की फुप्फुसं सुरक्षित झाली, असं यातल्या एकातही नाही.

स्टिरॉइडबद्दल थोडं सविस्तर सांगते, कारण ते आपल्याकडे घराघरात डब्यात पडलेलं असतं आणि 'दुखलं की एक घ्यायची' अशी सवय होऊन बसते. अमेरिकेत ज्येष्ठांच्या सरकारी विम्याच्या नोंदींवरून झालेला एक मोठा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. संधिवाताचं नेहमीचं औषध नीट चालू असलेल्या रुग्णांत, स्टिरॉइड न घेणाऱ्या शंभरांपैकी साधारण ९ जणांना वर्षभरात संसर्गामुळे दाखल व्हावं लागलं. रोज ५ मिलिग्रॅमपर्यंत घेणाऱ्यांत ११ जणांना, ५ ते १० घेणाऱ्यांत १४ जणांना आणि १० च्या वर घेणाऱ्यांत जवळजवळ १८ जणांना. ही माणसं वयानं मोठी होती, तुमचा मूळ धोका त्यांच्याहून कमी असणार. पण डोसाबरोबर धोका कसा चढत जातो ते बघा. तुम्ही १० ते २० मिलिग्रॅमच्या मध्ये आहात, आणि आजार आवरणारं मुख्य औषध बंद आहे.

मेथोट्रेक्सेट निर्धोक आहे असं मी म्हणणार नाही. अमेरिका आणि कॅनडात पावणेपाच हजारांवर हृदयरुग्णांवर एक चाचणी झाली होती. निम्म्यांना कमी डोसचं मेथोट्रेक्सेट, निम्म्यांना औषध नसलेली दिसायला तशीच गोळी. त्यात मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांमध्ये छातीचे संसर्ग काहीसे जास्त आढळले. म्हणजे घरच्यांच्या भीतीत तथ्याचा अंश आहे. पण हा वाढीव धोका थोडा आहे, आणि बदल्यात ही गोळी आजार आवरते, स्टिरॉइडची गरज कमी करते. एचसीक्यूमुळे संसर्गाचा धोका वाढत नाही. ती चालू आहे की तीही सुटली, हे पत्रात नाही. सुटली असेल तर डॉक्टरांना सांगा.

त्या डिस्चार्ज कार्डाबद्दल. गंभीर संसर्ग चालू असताना मेथोट्रेक्सेट थांबवतात, ते बरोबरच केलं. संसर्ग पूर्ण बरा झाला आणि अँटिबायोटिकचा कोर्स संपला की पुन्हा सुरू करण्याबद्दल संधिवाताच्या डॉक्टरांना विचारायचं असतं. म्हणजे ती सूचना त्या आजारपणापुरती होती. मात्र गोळी परस्पर सुरू करू नका, कारण एक शंका आधी मिटायला हवी. फार थोड्या लोकांत मेथोट्रेक्सेटमुळे फुप्फुसांना सूज येते. कोरडा खोकला, धाप, ताप, सगळं न्यूमोनियासारखंच दिसतं, पण जंतू नसतो. तुम्हाला तसं झालं असेल तर ही गोळी पुन्हा घ्यायची नाही, दुसरं औषध निवडावं लागेल. म्हणून त्या वेळची फाईल काढा. डाग एका बाजूच्या एका भागात होता की दोन्हीकडे पसरलेला, थुंकीत किंवा रक्तात जंतू सापडला का, अँटिबायोटिक सुरू झाल्यावर ताप किती दिवसांत उतरला, यावरून डॉक्टरांना पुष्कळ कळतं. न्यूमोनिया बरा झाल्यावर पुन्हा एक्स-रे काढला होता का? नसेल तर आता काढा. छाती स्वच्छ झाली का, जुन्या टीबीची खूण आहे का, आयएलडीची शंका घ्यावी का, तिन्ही प्रश्नांना तो एकच एक्स-रे उपयोगी पडेल. गरज वाटली तर डॉक्टर एचआरसीटी, म्हणजे छातीचं बारकाईनं केलेलं सीटी स्कॅन, सांगतील.

गोळी पुन्हा सुरू झालीच तर दोन गोष्टी पक्क्या लक्षात ठेवा. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. वार ठरवा आणि तो पाकिटावर मराठीत मोठ्या अक्षरात लिहा. चुकून रोज घेतली गेल्यानं माणसं दगावली आहेत. आणि गावातल्या दवाखान्यात किंवा मेडिकलमध्ये खोकल्यासाठी, लघवीच्या जळजळीसाठी काही घेताना 'मी मेथोट्रेक्सेट घेते' हे आधी सांगा. को-ट्रायमोक्सॅझोल नावाचं जुनं, स्वस्त अँटिबायोटिक आहे, सेप्ट्रान म्हणून ते पुष्कळांना माहीत असतं. मेथोट्रेक्सेटबरोबर ते पोटात गेलं तर रक्तपेशी धोकादायक रीतीनं घटू शकतात.

पुडीबद्दल मी कडकच बोलणार आहे. जिच्यावर नाव नाही, घटक नाहीत, बनवणाऱ्याचा पत्ता नाही, आणि जी घेतल्यावर एक-दोन दिवसांत सूज उतरते, भूक वाढते, झोपलेला माणूस उठून कामाला लागतो, त्या पुडीत स्टिरॉइड मिसळलेलं असण्याची दाट शक्यता असते. अशा पुड्यांत डेक्सामिथासोन, प्रेडनिसोलोन सापडल्याची उदाहरणं कमी नाहीत. म्हणजे वायसोलोनच्या वर आणखी किती स्टिरॉइड तुमच्या पोटात जातंय, हे कुणालाच ठाऊक नाही. ती बंद करायची, पण तीही डॉक्टरांना दाखवून. एक पुडी तशीच पिशवीत घेऊन जा. वायसोलोन कशी उतरवायची याचा हिशेब करताना त्यांना ही धरावी लागेल. चेहरा गोल झाला असेल, तहान वाढली असेल तर तेही सांगा आणि साखर तपासून घ्या, कारण वाढलेली साखर हा फुप्फुसांच्या संसर्गाला आणखी एक उघडा दरवाजा.

गुळवेलीचा काढा सासूबाई मायेनं करून देत असणार, म्हणून हे सांगताना जड वाटतं. पण प्रतिकारशक्ती वाढवायची हे उद्दिष्टच तुमच्या आजारात गैरलागू आहे. करोनाच्या काळात घरोघर गुळवेल प्यायली गेली आणि २०२१ मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी ती घेणाऱ्या काही रुग्णांत यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं. त्या इजेचं रूप ऑटोइम्यून, म्हणजे तुमच्या संधिवातासारख्या शरीर स्वतःवरच उलटणाऱ्या आजारासारखं होतं. आयुष मंत्रालयानं तो निष्कर्ष मान्य केला नाही. वाद काहीही असो, ज्यांना ऑटोइम्यून आजार आहे आणि ज्यांच्या यकृतावर मेथोट्रेक्सेटमुळे आधीच नजर ठेवावी लागते, त्यांनी हा धोका घेण्यात मला काही अर्थ दिसत नाही. सासूबाईंना आल्याचा, गवती चहाचा चहा करायला सांगा.

आता टीबी. तुमच्या पत्रात मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच, आणि तुम्ही ते शेवटी, कंसात टाकल्यासारखं लिहिलंय.

टीबीचा जंतू श्वासावाटे आत गेला म्हणजे टीबी झालाच, असं नसतं. बहुतेक माणसांत संरक्षक पेशी त्या जंतूंभोवती कडं करतात आणि त्यांना वर्षानुवर्षं तिथेच कोंडून ठेवतात. माणूस ठणठणीत असतो आणि त्याच्यापासून कुणाला लागणही होत नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पंधरा वर्षांवरच्या सुमारे ३१ टक्के भारतीयांत असा झोपलेला संसर्ग असल्याचं दिसलं. या कोंडवाड्याच्या भिंतीतला चुना म्हणजे टीएनएफ नावाचा पदार्थ. संधिवातात तोच सांधे सुजवतो, म्हणून बायोलॉजिकल इंजेक्शनांपैकी पुष्कळशी त्यालाच अडवतात. सांधे शांत होतात, पण भिंतही ढिली पडते. ही औषधं नवी असताना हे नीट उमगलेलं नव्हतं. २००१ मध्ये इन्फ्लिक्सिमॅब हे टीएनएफ अडवणारं इंजेक्शन घेतल्यावर टीबी झालेल्या ७० रुग्णांची नोंद प्रसिद्ध झाली. अनेकांना तो पहिल्या तीन-चार डोसांच्या आतच झाला होता, आणि निम्म्याहून अधिक जणांत फुप्फुसांच्या बाहेर पसरला होता. तेव्हापासून इंजेक्शनाआधी टीबी तपासण्याची पद्धत जगभर रुजली. तुमच्या डॉक्टरांनी तपासणी सांगितली ती यासाठी, त्यांना तुमच्यात टीबी दिसला म्हणून नव्हे. संधिवातावरच्या टोफासिटिनिबसारख्या नव्या गोळ्यांनाही हीच तपासणी लागते. गोळी आहे म्हणजे सौम्य असेल, असं समजू नका.

तपासणी म्हणजे छातीचा एक्स-रे, आणि दंडाखाली हातावर टोचून दोन-तीन दिवसांनी बघायची मॅन्टू किंवा रक्ताची इग्रा. इथे एक अडचण आहे. तुम्ही स्टिरॉइडवर आहात. अशा वेळी या तपासण्या खोट्या निगेटिव्ह येऊ शकतात, विशेषतः मॅन्टू. जंतू आत असतो, पण दबलेली यंत्रणा त्याला ओळख दाखवत नाही. मग डॉक्टर कशावर विसंबणार? रुग्णानं सांगितलेल्या माहितीवर. घरात कुणाला टीबी होता का, कधी, एकाच खोलीत झोपायचात का, उपचार पूर्ण झाले का. हे कळलं तर निगेटिव्ह रिपोर्टकडेही डॉक्टर वेगळ्या नजरेनं बघतील. औषधाची निवडही बदलू शकते, कारण सगळ्या बायोलॉजिकल औषधांत टीबीचा धोका सारखा नाही. टीएनएफला हात न लावणाऱ्या काहींत तो बराच कमी आहे. हे लपवून तुम्ही इंजेक्शन घेतलंत, तर धोका डॉक्टरांच्या नकळत फक्त तुम्ही एकट्या उचलाल.

झोपलेला संसर्ग आहे असं ठरलं, तर आधी उठलेला टीबी नाही याची खात्री करतात आणि मग प्रतिबंधक औषध देतात. आयसोनियाझिड सहा महिने रोज, किंवा आयसोनियाझिड आणि रिफापेंटिन आठवड्यातून एकदा असे १२ डोस. साधारण एक महिना ते झाल्यावर बायोलॉजिकल सुरू करता येतं. मेथोट्रेक्सेट आणि आयसोनियाझिड दोन्हींचा भार यकृतावर येतो, त्यामुळे रक्ततपासणी वेळच्या वेळी करावी लागेल. रिफापेंटिननं स्टिरॉइडचा असर कमी होतो, हेही डॉक्टर हिशेबात धरतील. आणि हे बघा, २०२१ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार टीबी रुग्णाच्या घरातल्या माणसांची तपासणी करून त्यांना हे औषध द्यायचं असतं, तेही सरकारी कार्यक्रमातून मोफत. तुम्हाला ते कधी मिळालं का? मिळालं असेल, घेतलं असेल, तर तेही डॉक्टरांना सांगायला हवं.

मुलीच्या लग्नाची चिंता मी हलकी मानत नाही. टीबीचं नाव निघालं की स्थळ मागे फिरतं, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण डॉक्टरांना सांगणं आणि गावाला सांगणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टरांना सांगितलेलं त्यांच्याकडेच राहतं, ते त्यांचं कर्तव्य आहे. टीबीच्या रुग्णाची नोंद सरकारकडे करणं २०१२ पासून बंधनकारक आहे, पण ती उपचारांसाठी असते, गावात वाचून दाखवायला नव्हे. आणि तुम्ही प्रतिबंधक औषध घेतलं म्हणजे तुम्हाला टीबी झाला, असं होत नाही. दिरांनी कोर्स पूर्ण केला, ते बरे झाले, त्यांच्यापासून आता कुणाला धोका नाही. यात लपवण्यासारखं काही नाही असं माझं ठाम मत आहे. पण घरानं गप्प राहायचं ठरवलंच असेल, तर त्या ठरावातून डॉक्टरांचं टेबल वगळा. दिरांशी आधी एकदा बोला. 'तुमच्या आजाराबद्दल माझ्या डॉक्टरांना सांगणार आहे, माझ्या औषधासाठी लागतंय', इतकं पुरे. माझा अंदाज आहे की सगळ्यात आधी तेच 'सांगा' म्हणतील. ज्यानं तो कोर्स काढलाय त्याला त्याची किंमत माहीत असते.

या निमित्तानं, अंगणवाडी सेविका म्हणून तुम्हाला वेगळं सावध करते. अलीकडे राज्यात काही ठिकाणी प्रौढांना बीसीजी ही टीबीवरची लस देण्याची मोहीम झाली, आणि टीबी रुग्णाच्या घरातल्यांना त्यात धरलं होतं. ती जिवंत लस आहे. प्रतिकारशक्ती दाबणारं औषध चालू असताना ती घ्यायची नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी.

ज्या घ्यायच्या त्या लशी दोन, न्यूमोकोकल न्यूमोनियाची आणि फ्लूची. न्यूमोनिया एकदा होऊन गेला म्हणजे पुन्हा होणार नाही असं नसतं, म्हणून पहिली तुम्हाला लागतेच. कोणत्या प्रकारची मिळते त्यावर एक डोस की दोन, हे ठरतं. ती खासगीत काही हजारांना पडते, हा खर्च मला माहीत आहे. तरी एका आठवड्याच्या दवाखान्याच्या बिलाशेजारी तो ठेवून बघा. फ्लूची लस दरवर्षी, इंजेक्शनाची. नाकात फवारायची जिवंत लस नको. आपल्याकडे फ्लूचा जोर पावसाळ्यात असतो, त्यामुळे ती मेच्या अखेरीपर्यंत झालेली बरी. आजार शांत असेल तर फ्लूच्या लशीनंतर दोन आठवडे मेथोट्रेक्सेट थांबवतात, त्यानं लस चांगली लागू पडते. ते थांबवायचं की नाही, हे मात्र संधिवाताच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. रिटक्सिमॅब हे बायोलॉजिकल इंजेक्शन घेणाऱ्या वाचकांनी लशींची वेळ पुढच्या डोसाच्या आधी विचारून घ्यावी, नंतर घेतलेली लस फारशी लागू पडत नाही.

अंगणवाडीतलं काम सोडायची गरज मला वाटत नाही. खिडक्या उघड्या ठेवा. पोरं शेंबडी-खोकलेली असतील त्या दिवसांत मास्क लावा आणि हात धुवा. केर काढणं, धान्य पाखडणं, चुलीपुढे बसणं ही कामं मदतनीस किंवा घरातल्या दुसऱ्या कुणाकडे द्या. पत्रात तुम्ही सकाळी बोटं वळत नाहीत म्हणून वेणी मुलगी घालून देते असं लिहिलंय, तर केरसुणीही तिच्याकडे जायला हरकत नाही. घरात कुणी विडी ओढत असेल तर ती अंगणात. मिश्री असेल तर सोडा.

आजारी पडल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवा, कारण त्या वेळी सुचत नाही. स्टिरॉइड ताप दाबतं. टोसिलिझुमॅबसारख्या काही बायोलॉजिकल औषधांत रक्तातला सीआरपीही (सूज किंवा संसर्ग दाखवणारा आकडा) वाढत नाही. म्हणून 'ताप नाही, म्हणजे काही नाही' हे तुमच्यासाठी खरं नाही. जिना चढताना नेहमीपेक्षा जास्त धाप, छातीत एका बाजूला टोचणं, पिवळा किंवा तांबूस बेडका, गळून गेल्यासारखं वाटणं, यातलं काही असेल तर त्याच दिवशी दाखवा. ऑक्सिमीटरवर ९४ च्या खाली आकडा असेल तर रात्र घरी काढू नका. अँटिबायोटिक लागण्याइतका संसर्ग असेल तर मेथोट्रेक्सेट किंवा बायोलॉजिकलचा पुढचा डोस घेण्याआधी फोन करून विचारा. वायसोलोन मात्र तेव्हाही चालूच राहते, उलट काही दिवस वाढवावी लागू शकते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला राहिला तर सरकारी दवाखान्यात थुंकीची सीबीनॅट किंवा ट्रूनॅट तपासणी मोफत होते. ती करा, आणि सोबत डॉक्टरांना आयएलडीचीही आठवण करून द्या, कारण या आजारातला प्रत्येक खोकला जंतूंचाच असतो असं नाही.

आता होळी तोंडावर आली आहे, म्हणजे पावसाळ्याला तीन महिने आहेत. या आठवड्यात फाईल, पुडी आणि वायसोलोनचं पाकीट एका पिशवीत भरा आणि मिरजेची वेळ घ्या. एक्स-रे, टीबीची तपासणी, सीबीसी, यकृत-मूत्रपिंडाच्या तपासण्या आणि साखर तेव्हाच होऊन जाऊ दे. प्रतिबंधक औषध लागलं आणि आत्ता सुरू केलं, तर १२ डोसांचा कोर्स जूनपर्यंत संपेल. न्यूमोनियाची लस मध्येच कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचारा, फ्लूची मेमध्ये. तपासायला आत बोलावतील तेव्हा सासूबाईंना बाहेर बसवू नका, सोबत न्या, आणि काढ्याचा प्रश्न त्यांनाच विचारू द्या.